जहाजाचा धूर, तात्यांचा दम आणि सरकारी अर्ज

वाचकहो, चुलीचा धूर, विडीचा धूर, भाताच्या राबाचा धूर यांविषयी या सदरात आपण वेळोवेळी बोललो आहोत. आज जहाजाच्या धुराविषयी लिहिणार आहे असे म्हटले, तर पुष्कळांच्या भुवया उंचावतील. मावळात समुद्र कुठला आणि जहाज कुठले? पण थोडा धीर धरा. मळवलीहून भाज्याला जाताना आपण द्रुतगती महामार्ग ओलांडतो. त्या पुलावर पाच मिनिटे उभे राहून खालून जाणारे कंटेनर मोजा. त्यांतले कितीतरी न्हावाशेवा बंदरातून आलेले किंवा तिकडे निघालेले असतात. आपल्या देशाचा परदेशांशी होणारा व्यापार वजनाने मोजला, तर त्याचा सुमारे ९५ टक्के भाग समुद्रमार्गे होतो. म्हणजे आपल्या घरातल्या अनेक वस्तूंनी जहाजाचा प्रवास केलेला असतो आणि त्या प्रवासाचा धूर कोणाच्या तरी छातीत गेलेला असतो.

असाच एक गृहस्थ माझा रुग्ण आहे. नाव लिहीत नाही. लोहगडवाडीत त्यांना सगळे तात्या म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्यांची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगतो आहे.

सत्तावीस वर्षे इंजिनावर

तात्या तरुणपणी मुंबईला गेले आणि बंदरातल्या एका टगवर कामाला लागले. टग म्हणजे मोठ्या जहाजाला ओढून किंवा ढकलून धक्क्याला लावणारी बुटकी, पण ताकदवान बोट. तिच्या इंजिनखोलीत त्यांनी सत्तावीस वर्षे काढली. निवृत्त होऊन गावी आले. मुलाने गडाच्या पायथ्याशी पर्यटकांसाठी पिठलं-भाकरीचे छोटे हॉटेल टाकले आहे, तिथे गल्ल्यावर बसतात.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता ते माझ्याकडे आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लहानपणी गड पळत चढायचो. आता हॉटेलापासून घरापर्यंतचा चढ चढेना. दोनदा बसावं लागतं."

तपासले. स्पायरोमेट्री करून घेतली. या चाचणीत नळीत जोरात फुंकर मारायची असते. पूर्ण श्वास बाहेर टाकताना पहिल्या सेकंदाला त्याचा किती भाग बाहेर पडतो, हे यंत्र सांगते. औषधाचा फवारा दिल्यानंतरही हा भाग ७० टक्क्यांच्या खाली राहिला, तर श्वासनलिका कायमच्या आकसल्या आहेत असे समजतात. तात्यांचा आकडा ५८ आला. या आजाराला आम्ही सीओपीडी म्हणतो. तो दम्याचा चुलतभाऊ म्हणावा असा आहे, पण दम्यापेक्षा हट्टी. गेलेली ताकद परत येत नाही, उरलेली मात्र सांभाळता येते.

तात्या घरी गेले आणि आठवड्याने त्यांची मुलगी दवाखान्यात आली. पुण्यात यंत्र अभियांत्रिकी शिकून ती एका महाविद्यालयात संशोधन साहाय्यक म्हणून काम करते. हातात कागदांचा गठ्ठा होता.

"डॉक्टरकाका," ती म्हणाली, "बाबांच्या छातीत जो धूर गेला, तो दुसऱ्यांच्या छातीत जाऊ नये म्हणून आम्ही एक प्रकल्प करतोय. बंदरातल्या टगचा धूर गाळणारं साधन. सरकारकडे अनुदानासाठी अर्ज केला होता, तो परत आला."

परत आलेल्या अर्जावर शेरा होता: आरोग्याला होणाऱ्या फायद्याचा दावा आधाराविना केलेला आहे. कार्यालय कोणते, हे इथे महत्त्वाचे नाही. अर्ज वाचल्यावर मला शेरा देणाऱ्याचा राग आला नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते.

जहाजाचा धूर इतका वाईट का?

आधी धुराविषयी थोडे समजून घेऊ. डिझेलच्या धुरात २.५ मायक्रॉनपेक्षाही बारीक कण असतात. आपल्या केसाच्या जाडीचे पंचवीस-तीस भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे हा कण. नाकातले केस आणि घशातला चिकटा त्याला अडवू शकत नाहीत. तो थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो, तिथून काही कण रक्तातही उतरतात. म्हणून हा धूर फुप्फुसाइतकाच हृदयालाही त्रास देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

जहाजाच्या इंधनात गंधकही असते. २०२० च्या १ जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने त्याची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली. ही मोठीच सुधारणा झाली. पण तुलना पाहा. आपल्याकडे २०२० च्या एप्रिलपासून ट्रकला जे बीएस-६ डिझेल मिळते, त्यात दहा लाख भागांत गंधकाचे जास्तीत जास्त १० भाग चालतात. जहाजाच्या इंधनात अजून ५,००० भाग चालतात, म्हणजे पाचशे पट. छोट्या बोटी आणि टग डिझेलवर चालतात, त्यांचे इंधन एवढे वाईट नसते. पण त्या दिवसभर किनाऱ्याजवळ, वस्तीजवळ आणि कामगारांच्या नाकाजवळ चालतात.

सरकार पैसे देते का?

देते. आणि याचे चांगले उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. पुण्याच्या पाषाण भागातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केपीआयटी या पुण्याच्याच कंपनीबरोबर २०१६ पासून हायड्रोजनवर वीज करणाऱ्या इंधनघटावर काम केले. त्यात तामिळनाडूतली कराईकुडीची प्रयोगशाळाही होती. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या एका योजनेतून त्याला आधार मिळाला. २०२० च्या ऑक्टोबरात त्या घटावर मोटार चालली, २०२२ च्या ऑगस्टमध्ये बस आली. पुढे कोचीन शिपयार्डने केपीआयटीला बरोबर घेऊन हायड्रोजनवर चालणारी प्रवासी बोट बांधायला घेतली. २०२२ साली जाहीर झाले तेव्हा तिचा अंदाजे खर्च साडेसतरा कोटी रुपये होता आणि त्यातले ७५ टक्के केंद्र सरकार देणार होते. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी या बोटीचा प्रारंभ झाला. तिच्यातून धूर निघत नाही, पाण्याची वाफ निघते.

याखेरीज राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात २०२४ साली दोन योजनांचे नियम निघाले. जुनी जहाजे हरित इंधनावर चालवून पाहण्यासाठी आणि बंदरात ते इंधन भरण्याची सोय करण्यासाठी ११५ कोटी, आणि संशोधनासाठी ४०० कोटी रुपये. दोन्ही रकमा २०२५-२६ पर्यंतच्या होत्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हरित टगचा कार्यक्रम आला. त्यात न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर, कांडला येथील दीनदयाळ बंदर, पारादीप आणि तुतिकोरिन या चार बंदरांनी २०२७ अखेरपर्यंत प्रत्येकी किमान दोन हरित टग घ्यायचे आहेत. तात्या ज्या प्रकारच्या बोटीवर खोकले, ती बोटच बदलायची ही तयारी आहे.

मुलीला मी हेच सांगितले. "पैसा आहे, अगं. पण सरकार कळकळीला पैसे देत नाही, मोजमापाला देते."

तात्यांचा खोकला अर्जात बसेना

पहिल्या अर्जात तिने काय लिहिले होते? 'माझे वडील सत्तावीस वर्षे टगच्या इंजिनखोलीत होते. त्या धुराने त्यांना फुप्फुसाचा आजार झाला. आमच्या साधनामुळे हजारो कामगारांचे प्राण वाचतील.'

मन हेलावणारे आहे. पण वैद्यक म्हणून मला पहिला प्रश्न पडला तो विडीचा. तात्या पंचवीस वर्षे विड्या ओढत होते. लहानपणी घरात चूल होती, घराला धुराडे नव्हते. मग ५८ या आकड्यातला टगचा वाटा किती, विडीचा किती आणि चुलीचा किती? हे एका माणसाकडे पाहून कोणीही सांगू शकत नाही. मीही नाही.

मी तसे म्हणालो, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. "म्हणजे बाबांना काहीच झालं नाही, असं लिहू?"

"तसं नाही. बाबा आजारी आहेत हे खरं आहे. पण एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे. तुला पुरावा हवा असेल, तर पुष्कळ माणसांची फुंकर मोजावी लागेल, विडी ओढणाऱ्यांची वेगळी, न ओढणाऱ्यांची वेगळी. त्यासाठी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागेल, प्रत्येकाची लेखी संमती लागेल. तीन वर्षांच्या प्रकल्पात फुप्फुस सुधारल्याचं तुला दाखवताही येणार नाही, कारण हा आजार वीस वर्षांत होतो. तुला दाखवता येईल ते एवढंच: साधन बसवण्याआधी इंजिनखोलीच्या हवेत किती कण होते आणि बसवल्यावर किती उरले."

हे ऐकायला कोरडे वाटते. पण अर्ज याच्यावरच उभा राहतो. कणांचा आरोग्याशी असलेला संबंध जगभरच्या अभ्यासांनी आधीच दाखवला आहे, तो आपण नव्याने सिद्ध करण्याची गरज नाही. आपण फक्त कण कमी झाल्याचे दाखवावे.

तात्या काय म्हणाले

पुढच्या रविवारी मी लोहगडवाडीला गेलो. तात्यांच्या ओट्यावर बसून आम्ही नवा अर्ज वाचू लागलो. समोर विसापूर, उजवीकडे गायमुख खिंड. मुलगी वाचत होती, तात्या मधूनमधून फवारा ओढत ऐकत होते. 'इंजिन पूर्ण ताकदीने चालू असताना धुराचे मोजमाप करण्यात येईल,' हे वाक्य आले आणि तात्यांनी हात वर केला.

"पोरी, पुऱ्या ताकदीला धूर कमी असतो गं. टग दिवसभर ओढत नाही. जहाज येईस्तोवर उभा असतो, इंजान बारीक आवाजात चालू. तवा धूर काळा. आन् सकाळी थंड इंजान चालू केलं की खोली भरून जायची. आम्ही शिडीवर येऊन उभे राहायचो."

दोघेही गप्प झालो. मग तिने पेन काढले.

वाचकहो, तात्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. इंजिनावर भार कमी असला की ज्वलन अपुरे होते आणि जळलेल्या प्रत्येक लिटरमागे काजळी जास्त निघते. आणि यात एक दुसरीही मेख होती. ती जे साधन लावणार होती, ती मधमाशांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची गाळणी. काजळी तिच्यात अडकते आणि धूर पुरेसा तापला की तिथेच जळून जाते. पण बारीक चालणाऱ्या इंजिनाचा धूर तेवढा तापतच नाही. म्हणजे दिवसभर उभ्या राहणाऱ्या टगवर ही गाळणी तुंबणार. पूर्ण ताकदीवर चाचणी घेतली असती, तर कागदावर प्रयोग यशस्वी झाला असता आणि टगवर आठ दिवसांत बंद पडला असता.

त्या दिवशी प्रकल्प बदलला. गाळणी राहिलीच, पण तिच्या जोडीला बॅटरी आली. टग उभा असताना इंजिन बंद आणि दिवे, पंप वगैरे बॅटरीवर. मोजमाप तीन वेळा: थंड इंजिन सुरू करताना, उभे असताना आणि ओढताना.

तात्यांचा खोकला अर्जात बसला नाही. पण तात्यांचा अनुभव बसला. पुरावा म्हणून नाही, तर नेमके कुठे पाहायचे हे दाखवणारा म्हणून. मला वाटते, या सगळ्या हकीकतीत शिकण्यासारखे हेच आहे. धुरात काम केलेल्या माणसाला विचारल्याशिवाय धुराचे संशोधन करू नये.

अर्ज करणाऱ्यांसाठी

आपल्या तालुक्यात लोणावळ्याला नौदलाची आयएनएस शिवाजी ही संस्था १९४५ पासून जहाजांच्या इंजिनांचे शिक्षण देते. तळेगावजवळ इंदोरीला तोलानी मेरीटाइम इन्स्टिट्यूट आहे. मावळातली अनेक मुले या क्षेत्रात जातात. उद्या त्यांच्यापैकी कोणी असा अर्ज करील, म्हणून आम्ही शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिले, संशोधनाचा अर्ज सहसा एकट्या व्यक्तीला करता येत नाही. मान्यताप्राप्त संस्था मागे लागते, आणि मुख्य संशोधक त्या संस्थेत नोकरीला असावा लागतो. या मुलीचे प्राध्यापक मुख्य संशोधक झाले, ती सहसंशोधक.

दुसरे, योजनेचे नियम आणि मुदत आधी वाचा. काही योजना फक्त बंदरांना किंवा जहाज बांधणाऱ्यांना असतात, काही प्रयोगशाळांना. चुकीच्या दारात कितीही चांगला अर्ज टाकला, तरी तो परतच येतो.

तिसरे, पैशाचा हिशेब खात्यांनुसार द्या: माणसांचे वेतन, यंत्रे, साहित्य, प्रवास, किरकोळ. यंत्रांच्या किमतीला दरपत्रके जोडा. पैसे हप्त्याने येतात आणि आधीच्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही. हिशेब ठेवणारा माणूस पहिल्या दिवसापासून नेमा.

चौथे, साधन उद्या कोण वापरणार ते लिहा. एखाद्या बोटमालकाचे किंवा बंदराचे संमतिपत्र असेल, तर अर्जाचे वजन वाढते.

पाचवे माझ्या विषयाचे आहे. कमी धुराचे इंधन म्हणजे निर्धोक इंधन नव्हे. जहाजांसाठी अमोनिया आणि मिथेनॉल या दोन इंधनांची सध्या पुष्कळ चर्चा आहे. अमोनिया जळताना कार्बन सोडत नाही, पण तो गळला तर डोळे आणि फुप्फुसे भाजतात. मिथेनॉल पोटात गेले तर माणूस आंधळा होतो किंवा दगावतो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ते विष मिथेनॉलचेच. म्हणून अर्जात खलाशांच्या सुरक्षिततेचे एक पान हवेच: गळती कळणार कशी, बाहेर पडायची वाट कुठली, डोळे धुवायला पाणी कुठे. हे पान आमच्या अर्जात मी लिहिले. माझा वाटा एवढाच.

आणि आपल्यासाठी

टगवर नसलो, तरी आपल्यापैकी अनेकजण डिझेलच्या धुरात वावरतात: ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर, पाण्याचे इंजिन, गॅरेज. त्यांनी एवढे करावे. बंद खोलीत इंजिन कधीही चालू ठेवू नये, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच माणसाला मारतो. उभ्या गाडीचे इंजिन बंद करावे. नाकाला फडके बांधल्याने बारीक कण अडत नाहीत. नीट बसणारा एन-९५ मुखपट्टा बरेच कण अडवतो, वायू मात्र नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर आधी क्षयाची तपासणी करावी. चढावर दम लागत असेल, तर वय झाले म्हणून गप्प बसू नये, स्पायरोमेट्री करून घ्यावी. आणि विडी सोडावी. कोणत्याही वयात सोडली तरी उरलेली ताकद टिकते.

तात्यांनी विडी सोडून वर्ष झाले. फवारा नियमाने घेतात, सकाळी सपाटीवर चालतात. आता घरापर्यंतच्या चढाला एकदाच बसतात. त्यांचा आकडा सुधारलेला नाही, पण घसरलेलाही नाही. या आजारात हे यशच म्हणायचे.

अर्जाचे काय झाले? पहिल्या छाननीतून तो पुढे गेला. तज्ज्ञ समितीपुढे सादरीकरण झाले. एका सदस्यांनी विचारले, "थंड इंजिनाचं मोजमाप का घ्यायचं, हे कसं सुचलं?" मुलीने सांगितले, "सत्तावीस वर्षं इंजिनखोलीत काम केलेल्या एका माणसाने सांगितलं." तो माणूस आपला बाप आहे, हे तिने सांगितले नाही. निकाल अजून लागायचा आहे.

मी हे तात्यांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गडाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पैसे मिळाले तर बरंच. पण इचारलं, हे चांगलं झालं. सत्तावीस वर्षांत कुणी इचारलं नव्हतं."